कालव्याच्या काठाने, द्राक्षबागांमधून: बुर्गोन्यमधली पहिली सायकलसफर

दहावीनंतर सायकलला हात न लावलेली माझी ताई वयाच्या ५१व्या वर्षी फ्रान्सच्या बुर्गोन्य भागात पाच दिवसांत सव्वाशे किलोमीटर सायकल चालवून आली. निघताना तिला चढाची धास्ती नव्हती, दमण्याचीही नव्हती. धास्ती होती ती मागून येणाऱ्या गाडीची. पुण्यात तिची सायकल सुटली ती त्याच पायी. म्हणून वाट शोधताना आम्ही एकच गोष्ट धरून बसलो: गाड्यांचा रस्ता शक्यतो नको. बोन ते माकों हा टप्पा त्या शोधात सापडला. पहिल्यांदाच सायकलवर सामान लादून निघणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सुचवेन. आम्ही कसं केलं आणि पुन्हा गेलो तर काय वेगळं करू, ते क्रमाने लिहिते.

आधी ही वाट समजून घ्या

तीन वेगवेगळ्या जातीच्या वाटा जोडून ही सफर होते. प्रत्येक वाट मुळात कशासाठी बांधली होती हे कळलं, की दिवसाला किती अंतर धरायचं, दम कुठे लागेल, सावली कुठे मिळेल, हे सगळं नकाशा न बघताही बरंचसं ओळखता येतं.

पहिली वाट द्राक्षबागांची. बोनपासून सांत्नेपर्यंत साधारण २२ किलोमीटर. तिचं नाव ‘व्वा दे व्हीन्य’, म्हणजे वेलींची वाट. बागाइतदारांनी शेतात जाण्यासाठी केलेल्या या पाणंदी आहेत, आता बहुतेक डांबरी किंवा काँक्रीटच्या. शेताची वाट जशी जमिनीच्या चढउतारानुसार जाते तशीच ही जाते. छोटे चढ, छोटे उतार, मध्येच गाव. सगळ्या सफरीत दम लागतो तो इथेच. ही वाट अगदी शंभर टक्के वाहनमुक्त नाही, हेही आधीच सांगते. बागेत कामाला आलेले ट्रॅक्टर आणि व्हॅन भेटतात. पण त्यांना घाई नसते आणि सायकलवाल्यांची सवय असते.

दुसरी वाट कालव्याची. ‘कानाल द्यु सांत्र’, म्हणजे मधला कालवा, १८व्या शतकाच्या अखेरीस एमिलाँ गोते या इंजिनिअरच्या देखरेखीखाली खोदला गेला. सोन आणि लुआर या दोन नद्या त्याने जोडल्या. त्या काळी बोटींना इंजिन नव्हतं. काठावरून घोडे किंवा माणसं दोर लावून बोट ओढत, आणि त्यासाठी पाण्याला अगदी लागून पायवाट ठेवलेली असे. त्याच वाटेवरून आज सायकली जातात. कालव्याचं पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. चढ किंवा उतार येतो तो फक्त लॉकपाशी. बोटींना वर-खाली नेणारा, दोन्हीकडे दरवाजे असलेला पाण्याचा हौद म्हणजे लॉक. तिथे वाट दोन-तीन मीटर वर किंवा खाली जाते आणि पुन्हा सपाट होते.

तिसरी वाट जुन्या रेल्वेची. शालों-क्लूनी मार्गावरची गाडी बंद झाली, रूळ उखडले आणि त्या भरावावर डांबर टाकलं. जिव्री ते क्लूनी हा ४४ किलोमीटरचा तुकडा १९९७ साली खुला झाला. फ्रान्समधली ही पहिली ‘व्वा व्हेर्त’, हिरवी वाट. मोटारींना इथे पूर्ण बंदी. रेल्वेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून ही वाट चढते तेव्हाही इतकी हळू चढते की पाय जड का झाले ते आधी कळतच नाही. इथे ताई मला सारखं विचारत होती, “चाकात हवा कमी आहे का गं?” हवा ठीक होती. आम्ही चढत होतो.

कधी जायचं

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५च्या पुढे जाऊ शकतो, आणि द्राक्षबागेत सावलीला एक झाड मिळत नाही. नाशिककडच्या बागा पाहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही, कारण आपल्याकडे मांडवाखाली माणूस उभा राहू शकतो. बुर्गोन्यमध्ये वेल कमरेएवढीच ठेवतात, हेक्टरी १०,००० च्या आसपास वेली, एकमेकींना खेटून. जमिनीची ऊब घडाला मिळावी म्हणून ही उंची. ओळींवरून जाणारे ट्रॅक्टरही तसेच, लांब पायांचे. वेलीची ओळ त्यांच्या पोटाखालून जाते. पहिला दिसला तेव्हा आम्ही दोघी सायकली थांबवून तो वळेपर्यंत बघत राहिलो.

सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी असते. बघायला त्याहून सुंदर काळ नाही, पण खोल्या लवकर भरतात आणि पाणंदींवर गाड्या वाढतात. घड तोडून खाऊ नका, एकही नको. इथे जमिनीच्या एकेका तुकड्याला स्वतःचं नाव आहे. अशा तुकड्याला ते ‘क्लिमा’ म्हणतात. या भागातले १,२४७ क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तुमच्या उजव्या हाताचा तुकडा आणि डाव्या हाताचा तुकडा यांच्या भावात आभाळ-जमिनीचं अंतर असू शकतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनला वाइनचा मोठा लिलाव असतो. त्या आठवड्यात राहायची जागा मिळणं अवघड, आणि थंडीही असते. तो काळ टाळा.

व्हिसा आणि तिथे पोचणं

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. घेताना त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, ते वाचून घ्या.

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून दिजोंला जलद गाडीने दीड-पावणेदोन तास. दिजोंहून बोनला स्थानिक गाडी, तिला ‘तेअर’ म्हणतात. ती अर्ध्या तासाच्या आत पोचवते. हीच लोहमार्गाची रेघ पुढे शान्यी, शालों आणि माकोंला जाते. नवख्यांसाठी हा भाग मी निवडला त्याचं निम्मं कारण हे आहे. गुडघा दुखला, पाऊस लागला, कंटाळा आला, तर जवळचं स्टेशन गाठायचं आणि सायकलसकट गाडीत चढायचं. अपवाद एकच: शालों सोडल्यावर वाट रुळांपासून दूर जाते ती थेट माकोंपर्यंत. म्हणजे पुढे जायचं की नाही हा निर्णय शालोंला घ्यायचा, तोपर्यंत अंगात किती जोर आहे ते कळलेलंही असतं.

सायकल भाड्याने घ्या

भारतातून सायकल नेऊ नका. विमानात खोका, जलद गाडीत वेगळे नियम, पोचल्यावर जुळणी. पहिल्या सफरीत ही डोकेदुखी कशाला? बोनमध्ये भाड्याची दुकानं आहेत. मागताना ‘व्हेलो तू शमँ’ म्हणा, म्हणजे सगळ्या वाटांची सायकल: सरळ हँडल, मधल्या जाडीचे टायर, मागे कॅरियर. रेसिंगची सायकल या वाटांना नको, कालव्याकाठी काही ठिकाणी बारीक खडी असते. बॅटरीची सायकलही मिळते. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी ती बिनदिक्कत घ्यावी, मात्र ती जड असते, जिन्यावरून उचलून बघितल्याशिवाय ठरवू नका.

दुकानातून निघण्याआधी काय बघायचं? सीटची उंची आधी. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच टेकली आणि पाय जवळजवळ सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवायची सवय असते आणि त्यानेच गुडघे जातात. ताईची सीट मी पहिल्या दिवशी दोन बोटं वर केली, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. एकदम वर केली असती तर ती घाबरली असती. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. घंटी वाजते का, दिवे लागतात का बघा. पंक्चरचं सामान, जादा ट्यूब आणि पंप मागून घ्या. पंप त्या ट्यूबच्या नळीला बसतो का, तेही तिथेच बघा. तिकडे बारीक नळीचे व्हॉल्व्ह असतात, आपल्या जाड नळीचा पंप त्यांना चालत नाही.

कॅरियरच्या दोन बाजूंना अडकवायच्या पिशव्या घ्या, पाठीवर सॅक घेऊ नका. पाठीवर पाच किलो म्हणजे तिसऱ्या तासाला मानेत पाचर. सामान दोघांत मिळून तीन पिशव्यांत बसलं पाहिजे. गादीची सायकलिंग चड्डी दोन, एक घातलेली, एक वाळत. पातळ वारा-पावसाचं जाकीट, उन्हाचा चष्मा, सनस्क्रीन, रात्रीसाठी एक बरा पोशाख. बस्स. जीन्स नको, शिवण टोचते.

घरून निघण्याआधी दीड-दोन महिने शनिवार-रविवार सकाळी सायकल काढा. २५-३० किलोमीटर एका दिवशी आणि लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. एका दिवसात ६० केल्याने काही सिद्ध होत नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसवतं का, हीच खरी परीक्षा.

पाच दिवस असे

पोचलेल्या दिवशी बोनमध्ये राहा. सायकल ताब्यात घ्या, तटबंदीभोवती एक फेरी मारा, आणि १४४३ साली निकोला रोलँ यांनी उभारलेला गोरगरिबांचा दवाखाना पाहा. रंगीत कौलांच्या नक्षीचं छप्पर, आत खाटांची लांबच लांब रांग. ज्या लिलावाबद्दल वर लिहिलं तो याच दवाखान्याच्या मालकीच्या बागांतल्या वाइनचा.

पहिला दिवस, बोन ते शान्यी, २७-२८ किलोमीटर. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी, शासान्य, सांत्ने. जगभरच्या महागड्या बाटल्यांवर वाचलेली ही नावं इथे पिवळट दगडी घरांची शांत गावं असतात. वाटेवर हिरव्या-पांढऱ्या पाट्या आणि सायकलचं चिन्ह आहे. गावात शिरल्यावर पाटी हरवली तर चर्चचा मनोरा बघून चौकात या, तिथे ती पुन्हा सापडते. चढ आला की आधी गिअर हलका करा, चढ सुरू झाल्यावर नाही. उतरून सायकल हातात धरून चालण्यात काहीही गैर नाही. या वाटेवर पंधरा-वीस पावलं चाललं तरी पुढचा उतार येतो. सांत्नेला कालवा भेटतो आणि तिथून शान्यीपर्यंत पाय आपोआप फिरतात. इतका वेळ बागांमधल्या उन्हात तापल्यावर पाण्याकाठच्या झाडांखाली शिरलो तेव्हा ताई पहिल्यांदा गुणगुणायला लागली.

वाइन चाखायची असेल तर मुक्कामाला पोचल्यावर. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्याची ०.५ ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे. न पिणाऱ्यांना कुणी आग्रह करत नाही.

दुसरा दिवस, शान्यी ते शालों, वीसेक किलोमीटर. मुद्दाम छोटा. काल वापरलेले स्नायू आज बोलायला लागतात आणि कालव्याची वाट त्यांना फारसं काम देत नाही, सोनच्या दिशेने ती हळूहळू उतरतच जाते. वेळ मोकळा असल्याने लॉकपाशी थांबा. बोट आत येते, मागचा दरवाजा बंद होतो, पुढच्या दरवाजाच्या झडपा उघडतात आणि अख्खी बोट, वर बसलेल्या माणसांसकट, खाली जाऊ लागते. पंप नाही, मोटर नाही, पाणी आपल्या वजनानेच हे सगळं करतं. फ्रान्समधल्या लॉकची मापं १८७९ मध्ये फ्रेसिने या मंत्र्यांच्या काळात ठरली, साधारण ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद, आणि मालवाहू बोटी त्या मापात जेमतेम बसतील अशा बांधल्या गेल्या. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी फट ठेवून आत शिरणारी बोट बघताना आपणच श्वास रोखून धरतो.

काठाने जाताना दोन गोष्टी सांभाळा. झाडांच्या मुळांनी डांबर उचललेलं असतं, सावलीत ते दिसत नाही; तिथे हँडल सैल पण दोन्ही हातांत ठेवा. आणि दोघांनी समांतर चालवताना पाण्याच्या बाजूला कच्च्या माणसाला ठेवू नका.

शालों हे निसेफोर न्येप्स यांचं गाव. छायाचित्रणाचा जनक म्हणून ते माहीत असतात. पण दोन चाकांच्या, पायाने ढकलायच्या गाडीवरही त्यांनी काम केलं होतं आणि तिची सीट वरखाली करता येईल अशी केली होती. त्यांच्या नावाचं संग्रहालय नदीकाठीच आहे. सीटची उंची दोनशे वर्षांपूर्वीही कुणालातरी महत्त्वाची वाटली, हे ताईला फार आवडलं.

तिसरा दिवस, शालों ते सँ-जांगू, ३० किलोमीटरच्या थोडं वर. शहरातून बाहेर पडताना पाट्या नीट बघा, हा सफरीतला सर्वांत गोंधळाचा तुकडा. जिव्रीला जुन्या रेल्वेची वाट लागली की मग हरवायला जागाच नाही. मधलं गाव बुसी म्हणून विचारा. पाटीवर स्पेलिंग वेगळं दिसतं, लोक मात्र बुसीच म्हणतात. जुनी स्टेशनं तशीच उभी आहेत, गावाचं नाव भिंतीवर कोरलेलं. जिथे जिथे मोटारीचा रस्ता आडवा येतो तिथे लोखंडी अडसर असतात आणि थांबायचं आपण असतं, गाडीने नाही. अडसरातून जाताना रुंद पिशव्या अडकतात, वेग अगदी कमी करा. आमची एक पिशवी अशीच निसटून खाली आली, कारण हूक मी नीट लावला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक थांब्यावर हात लावून बघायची सवय लागली.

चौथा दिवस, सँ-जांगू ते क्लूनी, २२ किलोमीटर. वाटेत कोर्मातँचा १७व्या शतकातला वाडा, त्याची बाग. तेझेची टेकडी डावीकडे-उजवीकडे वळणांतून दिसत राहते. जगभरची तरुण मुलं तिथल्या प्रार्थनेला येतात. क्लूनीला दुपारीच पोचा. ९१० मध्ये स्थापन झालेला इथला मठ एके काळी अख्ख्या युरोपवर वजन राखून होता. त्याचं तिसरं चर्च रोममधलं सेंट पीटर नव्याने बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. क्रांतीनंतर ते दगडांसाठी पाडलं गेलं. आज उरलेला एक हात आणि मनोरा बघून बाकीचं मनाने उभं करावं लागतं. खांबांचे उरलेले पाये एकमेकांपासून किती दूर आहेत, ते पावलं मोजत चालून बघा.

पाचवा दिवस, क्लूनी ते माकों, साधारण २५ किलोमीटर. सुरुवातीला चढ, मग ब्वा क्लेर नावाचा रेल्वेचा जुना बोगदा, १.६ किलोमीटर लांब. बाहेर ऊन असलं तरी आत गारठा असतो. जाकीट तोंडाशीच घाला, दिवा लावा, उन्हाचा चष्मा काढा. हिवाळ्यात वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून बोगदा बंद ठेवतात आणि मग खिंडीवरून जावं लागतं. बोगद्यातून बाहेर आलात की उतार. बेर्झेचा किल्ला बागांच्या वर उभा, पुढे सोल्युत्रेचा कडा, जहाजाच्या नाकासारखा. शेवटचे काही किलोमीटर शहराचे, तिथे सावकाश.

पोट आणि पाणी

इथे नवखे हमखास फसतात, म्हणून जरा सविस्तर. खानावळीत दुपारचं जेवण १२ ते २ या वेळातच मिळतं. अडीचला पोचलात तर गोड हसून नाही म्हणतील. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी छोट्या गावात बहुतेक दुकानं बंद. म्हणून रोज सकाळी निघतानाच बेकरीतून पाव, बाजारातून चीज आणि फळं घेऊन पिशवीत टाका. बोनचा शनिवारचा बाजार साधता आला तर पहिल्या दिवसाचा डबा तिथेच भरा.

शाकाहारी असाल तर ‘सां व्यांद, सां प्वासों’ हे शब्द पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. हॅमचे बारीक तुकडे त्यांच्या लेखी मांसात धरले जातीलच असं नाही, ते वेगळं सांगा. ‘गुजेर’ हे चीजचे हलके फुगीर गोळे इथली खासियत. त्यात अंडं असतं. घरून शेंगदाण्याची चटणी, खाकरे आणि थोडे राजगिऱ्याचे लाडू न्या. चार वाजता, दोन गावांच्या मध्ये, लाडवासारखी दुसरी वस्तू नाही.

पाणी संपलं आणि गावात सगळं बंद असलं, तर तिथले सायकलवाले दफनभूमीत जातात. फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे नळ असतो. आपल्याला अशा जागी पाणी भरणं जड जातं. ताईने आधी बाटली पुढे केली नाही. आत एक आजी कबरीवरची कुंडी साफ करत होत्या, त्यांनीच नळाकडे बोट दाखवलं. ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं पाणी. ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर पिऊ नका.

वाटेवरचं वागणं

उजव्या बाजूने चालवा. हे कळतं सगळ्यांना, पण विश्रांतीनंतर पुन्हा निघताना डोकं आपोआप डावीकडे जातं. पहिले दोन दिवस निघताना एकमेकींना मोठ्याने “उजवीकडे” म्हणा. हिरवी वाट चालणाऱ्यांची, स्केटिंगवाल्यांची आणि लहान मुलांचीही आहे. मागून जाताना घंटी लांबूनच वाजवा, जवळ आल्यावर दचकवू नका, आणि पुढे जाताना ‘बोंझूर’ म्हणा. न म्हणणं तिथे उद्धटपणाचं समजतात. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. बाकीच्यांना नाही, तरी घाला. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं. अपघातात ११२.

परत

माकों-व्हील स्टेशनवरूनच निघा. जलद गाड्यांचं दुसरं स्टेशन शहराबाहेर आहे, नाव सारखं असल्याने तिकीट काढताना घोटाळा होतो. तेअरने तासाभरात बोन गाठून सायकल परत करता येते. डब्याच्या दारावर सायकलचं चित्र असतं तिथे उभ्या राहा. गाडी येण्याआधी पिशव्या काढून हातात घ्या, कारण आत सायकल काही गाड्यांत हुकाला उभी टांगतात आणि सामानासकट ती उचलत नाही. ताईची मी उचलायला पुढे झाले, तर तिने पुढचं चाक आधीच हुकात अडकवलं होतं.